शाळांची अंगणे उन्हाळ्यात उघडा

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक.

महोदय,


मे उजाडला की महापालिकेच्या शाळांच्या फाटकांना कुलपे लागतात आणि ती जूनच्या मध्यावर निघतात. शाळांची संख्या शंभराच्या घरात आहे. बहुतेकींना पटांगण आहे, पाण्याची टाकी आहे, स्वच्छतागृह आहे, विजेची जोडणी आहे आणि त्या वस्तीच्या ऐन मध्यावर आहेत. नेमक्या याच सहा आठवड्यांत शहरातल्या लहान सांस्कृतिक संस्था आणि घरून व्यवसाय करणाऱ्या बायका जागेसाठी वणवण करतात. माझी मागणी एवढीच आहे की नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि नवीन नाशिक या सहाही विभागांत निवडक शाळांची अंगणे उन्हाळ्याच्या सुट्टीत नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना नाममात्र शुल्काने द्यावीत. अट एक असावी. त्या अंगणात कलाही चालली पाहिजे आणि वस्तीतल्या लहान उत्पादकांची विक्रीही. या दोन्ही गोष्टी एकाच परवानगीखाली का आल्या पाहिजेत, हे सविस्तर मांडण्यासाठी हे जाहीर पत्र लिहीत आहे.

नाशिकचा उन्हाळा हा या शहराचा सांस्कृतिक हंगाम आहे, आणि तो सरकारी पैशातून उभा राहिलेला नाही. गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात मे महिनाभर चालणारी वसंत व्याख्यानमाला लोकांनी शतकभर सांभाळली. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 मध्ये सुरू केलेल्या व्याख्यानमालेशी तिचे नाते आहे, पण नाशिकने ती नदीकाठी, उघड्या आभाळाखाली, विनातिकीट ठेवली. येता-जाता कुणीही थांबावे आणि पायरीवर बसून ऐकावे, ही तिची खरी मिळकत. 1840 मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, तात्यासाहेब शिरवाडकरांच्या नावाने उभे असलेले कुसुमाग्रज प्रतिष्ठान, 1950 पासूनचे लोकहितवादी मंडळ या संस्थांनी शहराला ओळख दिली. त्यांच्याकडे निदान छप्पर तरी आहे किंवा नावाची पुण्याई आहे. प्रश्न त्यांच्या मागच्या फळीचा आहे. बालनाट्य शिबिर घेणारी चार-पाच तरुण मंडळी, मुलांना ढोलकी-संबळ शिकवणारा कलावंत, मातीकाम आणि वारली चित्रे यांचे वर्ग घेणारी एखादी शिक्षिका यांना ना नाव असते ना सभागृहाचे भाडे भरण्याची ऐपत. मग ही शिबिरे कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये भरतात आणि तिथे फी परवडणारी मुलेच येतात. महापालिकेच्या शाळेतल्या मुलाला सुट्टी म्हणजे दीड महिना काहीच नाही. त्याच्या शाळेचे पटांगण घरापासून पाच मिनिटांवर असते, पण बंद.

दुसरी बाजू वाळवणाची. शहराच्या अर्थकारणाची चर्चा सातपूर-अंबडचे कारखाने, द्राक्षे, कांदा आणि आता वाइन यांच्यापुढे फारशी जात नाही. एप्रिल-मे महिन्यांत पंचवटीपासून देवळालीगावापर्यंत हजारो घरांत जो माल तयार होतो, त्याची दखल कुठल्याच अहवालात नसते. कुरडईचेच पाहा. गहू तीन दिवस भिजत घालायचा आणि रोज पाणी बदलायचे. मग तो वाटून चीक काढायचा, गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि वरचे पाणी काढून टाकायचे. भल्या पहाटे पातेल्यात हाटून हाटून चीक शिजवायचा आणि तो गरम असतानाच सोऱ्यातून कापडावर पाडायचा. चीक थंड झाला की तार तुटते. ऊन चढायच्या आत सगळा घाणा संपला पाहिजे, कारण त्या दिवशीचे पहिले कडक ऊन वाया गेले तर कुरडई आंबूस होते. पापड, शेवया, सांडगे, बटाट्याचा कीस या सगळ्यांना दोनच गोष्टी लागतात, हात आणि ऊन पडणारी मोकळी जागा. हात भरपूर आहेत. जागा आटत चालली आहे. जुन्या वाड्यांची चौक-अंगणे गेली. नव्या इमारतींच्या गच्चीला कुलूप असते, किंवा तिथे सौर पाट्या आणि पाण्याच्या टाक्या असतात, किंवा सोसायटीचा ठराव आडवा येतो. सिडकोच्या घरांवर मजले चढले आणि जिथे चटई पसरायची तिथे भाडेकरू आला. सकाळी लवकर उठून जागेसाठी शेजारणीशी गोडीगुलाबी ठेवणे हा या व्यवसायाचा अलिखित खर्च झाला आहे.

जागेचा हा प्रश्न किती मूलभूत आहे, हे लिज्जत पापडाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात बायका जमल्या. 80 रुपये उसने घेतलेले होते आणि पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे झाली. आज श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था देशभर पसरलेली आहे. मात्र पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावे लागले होते आणि वर्षाची विक्री 6,196 रुपये होती. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि काम बारमाही झाले. कर्ज, प्रशिक्षण, ब्रँड या सगळ्याच्या आधी त्यांना गच्ची मिळाली होती, हे विसरून चालणार नाही. बचत गटांना आपण आज कर्ज देतो, मेळावे घेतो, प्रमाणपत्रे वाटतो. गच्ची देत नाही.

आता या दोन बाजू एकत्र का, असे आपले अधिकारी विचारतील, आणि हा प्रश्न रास्त आहे. शिबिर सांस्कृतिक विभागाकडे, बचत गट समाजकल्याणकडे, स्टॉल अतिक्रमण आणि बाजार विभागाकडे, इमारत शिक्षण विभागाकडे, भाडे मिळकत विभागाकडे, अशी आपली वाटणी आहे. ती कागदासाठी सोयीची असेल, पण नाशिक परिसरातला एकही जिवंत उत्सव या वाटणीत बसत नाही. चैत्रात कामदा एकादशीला निघणारे राम आणि गरुड रथ घ्या. रथाभोवती पाथरवट समाज आणि शहरातल्या तालमी-व्यायामशाळा पिढ्यान्‌पिढ्या मानाने उभ्या आहेत. छिन्नी-हातोड्यावर पोट असलेल्या कारागिरांचा हा समाज आहे. रथ ज्या वाटेने जातो त्या वाटेवर गाठी-कडी, खेळणी, सरबत विकणाऱ्यांचे त्या उत्सवात वर्षाचे गणित सुटते. सप्तशृंग गडावरच्या चैत्रोत्सवात खान्देशातून पायी येणाऱ्या लाखो भाविकांबरोबर नांदुरी-वणीची अख्खी बाजारपेठ हलते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे बोहाडा होतो. रात्र रात्र संबळाच्या तालावर मुखवटे घातलेली सोंगे नाचतात. मुखवटा घडवणारा, तो रंगवणारा, संबळ वाजवणारा, सोंग घेणारा आणि दिवसा त्याच गावात माल मांडून बसणारा विक्रेता यांच्यात भिंत नसते. बोहाड्याला कुणी सांस्कृतिक कार्यक्रम म्हणत नाही आणि उपजीविका योजनाही म्हणत नाही. ते गावाचे उन्हाळ्यातले जगणे असते आणि ते टिकले आहे ते या एकत्रपणामुळेच. बाजार गर्दी आणतो, गर्दी प्रेक्षक होते, आणि प्रेक्षक आहे म्हणून मुखवटा रंगवणाऱ्याला पुढच्या वर्षी काम असते.

शहरात हीच साखळी आपण तोडली. बालनाट्याच्या समारोपाला फक्त पालक येतात आणि बचत गटाच्या प्रदर्शनाला फक्त उद्‌घाटक आणि त्यांच्यासोबत आलेली मंडळी. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत एकाच अंगणात मुलांचे नाटक, एखाद्या शाहिराचा पोवाडा आणि कडेने वस्तीतल्याच पंचवीस बायकांचे वाळवण, मसाले, गोधड्या, कापडी पिशव्या असतील, तर नाटकाला प्रेक्षक मिळेल आणि गोधडीला गिऱ्हाईक. विक्रीच्या जोरावर संस्थेला दिवे-ध्वनीचा खर्च काढता येईल, म्हणजे दरवेळी एखाद्या बिल्डरच्या किंवा पुढाऱ्याच्या दारात उभे राहावे लागणार नाही. लहान कलासंस्थांच्या स्वातंत्र्याचा हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. देणगीदाराच्या फोटोखाली मुलांनी नाटक करायचे, ही सवय शहराच्या अंगवळणी पडू नये.

आज एखाद्या संस्थेने असे अंगण भरवायचे ठरवले तर काय करावे लागते? जागेसाठी अर्ज करायचा आणि त्यावर मुख्याध्यापकांचे मत, शिक्षण विभागाचे मत, मिळकत विभागाचा दर. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाणे, अग्निशमनचा ना हरकत दाखला, महावितरणची तात्पुरती जोडणी. खाद्यपदार्थ असतील तर प्रत्येकीची अन्न सुरक्षा नोंदणी. यातली कुठलीच गोष्ट अनावश्यक नाही. पण प्रत्येकीसाठी वेगळे टेबल, वेगळी फाईल आणि वेगळी अनामत लागते. एप्रिलमध्ये सुरू केलेला अर्ज जूनमध्ये मंजूर झाला तर त्याचा उपयोग काय? वळीव पडला की वाळवणाचा हंगाम संपतो. म्हणून मागणी सवलतीपेक्षा वेळेची आहे. फेब्रुवारीअखेर प्रत्येक विभागीय कार्यालयाने आपल्या भागातल्या उपलब्ध अंगणांची यादी प्रसिद्ध करावी, मार्चमध्ये अर्ज घ्यावेत, गुढीपाडव्याच्या सुमारास वाटप जाहीर व्हावे आणि सगळे दाखले विभागीय कार्यालयातल्या एकाच खिडकीवर मिळावेत. सकाळी सहा ते दहा वाळवण आणि मुलांचे वर्ग, दुपारी अंगण बंद, संध्याकाळी साडेपाचनंतर कार्यक्रम आणि विक्री, रात्री दहाला सगळे आवरलेले, एवढे वेळापत्रक पुरे आहे. वर्गखोल्या उघडायची गरज नाही. पटांगण, व्हरांडा, पाणी, स्वच्छतागृह आणि एक विजेचा फलक एवढेच मागणे आहे.

यावर पहिला आक्षेप दुकानदारांचा येईल. आम्ही मालमत्ता कर भरतो, व्यवसाय परवाना घेतो, आणि आमच्या समोर फुकटात बाजार भरवणार का? हा राग खोटा नाही. मेन रोडवरचा किंवा रविवार कारंज्यावरचा लहान दुकानदारही आज ऑनलाइन खरेदीमुळे अडचणीत आहे. म्हणून नियम स्पष्ट असावा. अंगणात फक्त स्वतःच्या हाताने बनवलेला माल येईल. घाऊक बाजारातून आणून विकलेला माल, कंपन्यांचे स्टॉल, फटाके, मोबाइलची कव्हरे चालणार नाहीत. शिवाय हा बाजार दीड महिन्याचा आहे. आणि संसदेने 2014 मध्ये पथविक्रेत्यांसाठी केलेल्या कायद्याने हे तत्त्व आधीच मान्य केले आहे की रस्त्यावर पोट भरणारा माणूस अतिक्रमण नव्हे, तो शहराचा घटक आहे. त्या कायद्यातल्या शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि किमान 10 टक्के स्वयंसेवी व वस्तीपातळीवरच्या संस्थांचे प्रतिनिधी असावेत असे म्हटले आहे. विक्रेता आणि सेवाभावी संस्था यांना एका टेबलाशी बसवायची तरतूद कायद्यात आहे. अंगणांचे वाटप त्याच समितीसमोर व्हावे, म्हणजे दुकानदारांचे म्हणणेही तिथेच ऐकले जाईल.

दुसरा आक्षेप कलाक्षेत्रातून येईल आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. कलेच्या जागी बाजार शिरला की कला मागे पडते, माइकवरून सवलतींच्या घोषणा सुरू होतात, आणि शेवटी उरतात ती खाद्यपदार्थांची दुकाने. अनेक महोत्सवांचे हेच झाले आहे. पण तिथे बिघाड झाला तो आयोजकाचे उत्पन्न स्टॉलच्या भाड्यावर अवलंबून राहिल्यामुळे. भाडे जितके जास्त, तितका व्यापारी मोठा आणि कारागीर बाहेर. दिल्लीत 1994 मध्ये सुरू झालेल्या दिल्ली हाटने यावर एक उपाय केला. कारागिरांना गाळे थोड्या भाड्यात पंधरा-पंधरा दिवसांसाठी फिरते द्यायचे, म्हणजे कुणी कायमचा ठाण मांडून बसणार नाही. आपल्याकडे पुण्याच्या भीमथडी जत्रेत बचत गटांच्या स्टॉलशेजारी लोककलावंत असतात आणि लोक दोन्हींसाठी येतात. तिथून शिकण्यासारखे बरेच आहे. फक्त ती जत्रा डिसेंबरात भरते आणि सरकारी सरस प्रदर्शने वर्षातून ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी होतात. निवडक गट तिथे पोचतात. सातपूरच्या श्रमिकनगरातल्या बाईला पाच किलो कुरडया घेऊन तिथवर जाणे परवडत नाही. तिचे गिऱ्हाईक चालत येण्याच्या अंतरावर आहे, तिला बाजारही त्याच अंतरावर हवा. नाशिकमधूनच सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेचे यश याच विचारात आहे. वाचकाने वाचनालयापर्यंत यावे याची वाट न पाहता कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी 2009 पासून पुस्तकांच्या पेट्याच वस्त्यांत आणि घरांत नेल्या, आणि त्या पेट्या पुढे परदेशातही गेल्या. एका मोठ्या महोत्सवापेक्षा वीस लहान अंगणे मला म्हणूनच महत्त्वाची वाटतात.

कारागिरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नाशिकची भांडी बाजार आणि तांबट गल्ली एके काळी तांब्या-पितळेच्या ठोक्यांनी दणाणत असे. आज ठोक्याचे काम करणारी घरे थोडी उरली आहेत. पुण्याच्या तांबट आळीत इंटॅक या वारसा जतन करणाऱ्या संस्थेच्या पुढाकाराने नव्या आकाराची, नव्या वापराची भांडी घडवून घेतली गेली आणि जुन्या कारागिरांना नवे गिऱ्हाईक मिळाले. येवल्याच्या पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि तिची बाजारपेठ आज उभी आहे, पण तीही विणकर स्वतः लोकांना माग दाखवू लागले म्हणून. खड्डामागावर बसून जरीच्या काठात मोर कसा चढतो, हे पाहिलेला माणूस किमतीवरून घासाघीस कमी करतो. उन्हाळी अंगणात तांबटाने ठोके मारून दाखवावेत, मुलांनी हात लावून पाहावे, मग पालकांनी तांब्या विकत घ्यावा. दुकानाच्या काउंटरवर हे घडत नाही आणि नाट्यगृहातही घडत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या कार्यालयातूनच येईल आणि तो मिळकतींच्या भाड्याचा असेल. समाजमंदिरे, अभ्यासिका, व्यायामशाळा नाममात्र भाड्याने दिल्या आणि पुढे त्यांचा गैरवापर झाला, म्हणून मिळकती सील करायची वेळ आली, हे या शहराने पाहिले आहे. त्यामुळे नाममात्र शुल्क म्हटले की अधिकारी बिचकतात. पण इथे कुणालाही मिळकत भाडेपट्ट्याने द्यायची नाही. सहा आठवड्यांसाठी, ठरावीक तासांसाठी, परत करण्याच्या अटीवर वापराची परवानगी द्यायची आहे. ताबा महापालिकेचाच राहतो आणि किल्ली रोज रात्री शाळेच्या रखवालदाराकडे जाते. बंद पटांगणातून आज महापालिकेला एक रुपयाही मिळत नाही. खर्च येईल तो वीज, पाणी आणि सफाईचा, आणि महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकात राखून ठेवायच्या 5 टक्के निधीचा याहून सरळ वापर कोणता? दरवाढीचा अनुभवही आपल्या दप्तरी आहे. 2018 मध्ये नूतनीकरणानंतर महाकवी कालिदास कलामंदिर खुले झाले तेव्हा वाढलेल्या भाड्यावरून रंगकर्मींनी तीव्र नाराजी नोंदवली होती. वातानुकूलित नाट्यगृहाचा खर्च मोठा असतो, तो भरून निघाला पाहिजे, हे मान्य. पण म्हणूनच हौशी आणि शिकाऊ मंडळींसाठी स्वस्त, साधी, उघडी जागा वेगळी असायला हवी. प्रत्येक धडपडीला कालिदासचे भाडे लावले तर पुढच्या पिढीचे रंगकर्मी कालिदासपर्यंत पोचणारच नाहीत.

सुरक्षिततेबाबत मी कुठलीही ढिलाई मागत नाही. उलट इथे नियम कडक हवेत. 25 मे 2024 रोजी राजकोटच्या गेमझोनमध्ये लागलेल्या आगीत सुट्टी घालवायला आलेली लहान मुले गेली. बंदिस्त, ज्वालाग्राही तात्पुरता सांगाडा आणि कागदोपत्री परवानगीही नाही, अशी ती जागा होती. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला भर दुपारी उघड्या मैदानात बसवलेल्या लोकांपैकी कित्येकांना उष्माघाताने जीव गमवावा लागला. या दोन्ही दुर्घटना उन्हाळ्यातल्या आहेत आणि दोन्हींतून नियम सरळ निघतात. बंदिस्त मंडप नको, फक्त वरून सावलीचे कापड असावे. अंगणात सिलिंडरवर तळणे-भाजणे नको, तयार माल आणावा. सकाळी दहानंतर आणि संध्याकाळी साडेपाचपूर्वी एकही कार्यक्रम नको. दोन्ही फाटके उघडी, पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी. शाळेच्या मोकळ्या पटांगणात हे सहज जमते. भाड्याच्या अरुंद हॉलमध्ये, तळघरात किंवा पार्किंगमध्ये चालणाऱ्या शिबिरांत ते जमत नाही, आणि जागा मिळत नाही म्हणून आज शिबिरे तिथेच चालतात. म्हणजे सुरक्षिततेचा मुद्दा या मागणीच्या बाजूनेच उभा राहतो.

सर्वांत मोठी भीती मात्र राजकीय कब्जाची आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. प्रभागातला वजनदार माणूस आपल्या मंडळाच्या नावाने अंगण घेईल, स्टॉल आपल्या कार्यकर्त्यांच्या घरी वाटेल आणि फाटकावर फ्लेक्स लावेल. यावर उपाय तीन आहेत. अंगण कुठल्या संस्थेला, ते पात्र अर्जांतून जाहीर सोडतीने ठरावे. स्टॉलधारकांची नावे, माल आणि वस्ती फाटकावरच्या फलकावर लिहिलेली असावीत. आणि शाळेच्या आवारात कुणाचाही फोटो असलेला फलक लागू नये, आयोजकाचाही नाही. यातला पहिला उपाय मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण सार्वजनिक जागा कुणाची, हा नाशिकचा जुना आणि जखमेचा प्रश्न आहे. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, रामाचा रथ सर्वांनी मिळून ओढायचा असे ठरलेले असताना तो शब्द मोडला गेला आणि सत्याग्रहींवर दगड आले. ज्या कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो लढा चालवला, त्यांच्या नावाचे सभागृह आज महापालिकेच्या मालकीचे आहे. त्या शहरात सार्वजनिक अंगणाचे वाटप ओळखीवर होणे शोभत नाही. भीमनगरातली गायनपार्टी, मुस्लिम वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या मुली, पेठ-सुरगाण्याहून कामाला आलेल्या आदिवासी कुटुंबांतली वारली चित्रे काढणारी मुले यांना सोडतीत तेवढीच संधी असेल, तरच ही योजना महापालिकेची म्हणता येईल.

राहिला कुंभमेळा. 31 ऑक्टोबर 2026 रोजी ध्वजारोहण आणि 2 ऑगस्ट 2027 रोजी पहिले अमृतस्नान, असा कार्यक्रम जाहीर झालेला आहे. सगळी यंत्रणा त्यात गुंतली आहे, आता नवे काही काढू नका, असे आपल्याला सांगितले जाईल. मी उलट म्हणतो. घाटांची, रस्त्यांची, पुलांची कामे सुरू असताना 2027 च्या उन्हाळ्यात गोदाकाठचा परिसर सांस्कृतिक कार्यक्रमांना आणि लहान विक्रेत्यांना कितपत मोकळा राहील, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल. ज्यांची रोजीरोटी रामकुंड-पंचवटीच्या वर्दळीवर आहे, त्यांना बांधकामाच्या महिन्यांत दुसरीकडे बसायला जागा लागेल. वस्तीवस्तीतली अंगणे हीच ती जागा. शिवाय कुंभाला येणाऱ्या लाखो लोकांना नाशिकची म्हणून काय वस्तू हातात देणार, हाही विचार करा. प्लॅस्टिकची खेळणी आणि बाहेरगावच्या कारखान्यातल्या मूर्ती, की पंचवटीतल्या बायकांच्या हातचे पापड, तांबटाचा गडू, येवल्याच्या उरल्या पैठणी कापडाची पिशवी? यासाठी एक उन्हाळा आधी तयारी करावी लागते. माल कोणता चालतो, पिशवी केवढी हवी, पुडीवर काय लिहायचे, हे अंगणातल्या गिऱ्हाइकाकडूनच कळते.

सुरुवात फार मोठी नसावी. येत्या सुट्टीत प्रत्येक विभागात दोन याप्रमाणे बारा शाळा निवडा. ज्या शाळांची दुरुस्ती सुट्टीत ठरली आहे त्या वगळा. जून उजाडताच प्रत्येक अंगणाचा हिशेब जाहीर करा: किती मुले आली, किती बायकांनी माल विकला, विजेचे बिल किती आले, काय मोडले आणि कुणी भरून दिले. आकडे वाईट आले तर योजना बंद करा, त्याबद्दल कुणी तक्रार करणार नाही. चांगले आले तर पुढच्या वर्षी शाळा वाढवा. विषय महासभेपुढे न्यायचा असेल तर तो डिसेंबरच्या आत न्यावा, एवढी विनंती आहे. फेब्रुवारीत यादी निघाली नाही तर तो उन्हाळा गेलाच म्हणून समजा.

आपला,
पंचवटीतील एक नागरिक